जाळाविना गोड

सुट्टी लागली की मुलं घरी आणि घरची बाई ओट्यापाशी. ती दिवसभर तळत असते, मुलं डबे उघडून विचारतात, "आणखी काय?" निम्मा खाऊ मुलांच्याच हाती सोपवला तर? पण त्यासाठी गोड असं हवं, की ज्याला मुलांनी गॅस पेटवायला नको.

दाण्याचा लाडूच घ्या. दाणे भाजण्याचं काम मोठ्यांनी आदल्या दिवशी उरकावं. मग दोन वाट्या कूट, एक वाटी किसलेला गूळ आणि थोडी वेलची खलबत्त्यात एकत्र कुटायची. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं, त्यात गूळ मऊ होतो आणि लाडू वळता येतो. पाक नाही, पाणी नाही, म्हणूनच तो टिकतो. लाडू वळेना की काहीजण पाण्याचा हात लावतात. तसं केलं की लाडू लवकर खराब होतो. त्यापेक्षा चमचाभर तूप घालावं.

आमच्या कोयनानगरात तर हे जपावंच लागतं. पावसाळ्यात इथे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, काड्यापेटीसुद्धा सर्द होते. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. नागपंचमीचे लाडू गोकुळाष्टमीपर्यंत पुरवू म्हटलं, तर डब्यात चिकट गोळाच सापडायचा. दहा-बाराच करावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. आणि दाणे मोठ्या माणसानंच निवडावेत. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, भाजूनही ते पुरतं जात नाही. असे दाणे सरळ फेकून द्यावेत.

गॅस नको म्हणून कच्चं बेसन किंवा मैदा मात्र वापरू नये. कच्च्या पिठातले जंतू पोट बिघडवतात. पंढरपुरी डाळं आधीच भाजलेलं असतं. ते मिक्सरमधून बारीक काढावं, पिठीसाखर आणि तूप घालून लाडू वळावेत. रमजानमध्ये रोजा सोडायला आणलेला खजूर उरला असेल, तर बिया काढून, तुपाचा हात लावून मळावा, त्यात काजू-बदामाचे तुकडे घालावेत. लांबट वळी करून खोबऱ्याच्या किसात घोळवली, तासभर फ्रिजमध्ये ठेवली, की वड्या छान कापता येतात. सुरी मोठ्यांच्या हातात!

आणि मलिदा. आमच्याकडे तो फातेहाला होतो. शेजारच्या घरी पोळी कुस्करून गूळ-तूप घालतात आणि त्याला पोळीचा लाडू म्हणतात. हल्ली मलिदा हा शब्द लाचखोरीच्या बातम्यांतच जास्त वाचायला मिळतो, इतक्या साध्या खाऊची ही बदनामी मला खुपते. सकाळच्या पोळ्या हातानं बारीक कराव्यात, गूळ आणि तूप घालून चोळाव्यात. सहा वर्षांचं पोरही करू शकतं. पोळीत पाण्याचा अंश असतो, तेव्हा मलिदा त्याच दिवशी संपवावा. तो उरतोही क्वचितच.