शिक्का खरा, पण नाव कोणाचे?

दुपारची वेळ. दारावरची घंटा वाजते. बाहेर एक गृहस्थ उभे असतात. गळ्यात ओळखपत्र; त्यावर त्यांचेच छायाचित्र, कोणा अधिकाऱ्याची सही आणि गोल, ठसठशीत शिक्का. 'वीज कंपनीकडून आलो आहे, मीटर तपासावयाचे आहे,' असे ते सांगतात. घरातील मंडळी शिक्का निरखून पाहतात, तो खरा असल्याची खात्री करून घेतात आणि दार उघडतात. शिक्का खराच असतो. फक्त ते ओळखपत्र वीज कंपनीचे नसून भलत्याच संस्थेचे असते! शिक्का सर्वांनी पाहिला. संस्थेचे नाव मात्र कोणीच वाचले नाही.

वाचक म्हणतील, इतके भोळे कोण असते? माणसे सहसा नसतात. परंतु आपले पैशांचे व्यवहार आज ज्यांच्या हाती सोपविलेले आहेत, त्या संगणकाच्या प्रोग्रामांनी हीच चूक वर्षानुवर्षे केली आहे. ती कशी होते, हे आम्हांस आमच्या भाच्याकडून कळले.

हा भाचा हैदराबादेस एका संगणक-कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीत तो इंदूरला आमच्याकडे आला होता. पाडव्याच्या रात्री जेवणे आटोपून आम्ही गप्पा मारीत बसलो असता त्याला कार्यालयातून दूरध्वनी आला आणि तो लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. बारा वाजून गेले तरी स्वारी जागची हलेना. शेवटी आम्ही विचारले, "अरे, सणासुदीला हे काय मध्येच?"

"मामा, आमच्या दोन सर्व्हरांचे बोलणे बंद पडले आहे. एकाने दुसऱ्याचे प्रमाणपत्र पाहिले आणि त्यावरचे नाव जुळत नाही म्हणून पुढे बोलायलाच नकार दिला."

"मग आता?"

"एक शब्द बदलला तर पाच मिनिटांत काम सुरू होईल. 'नाव तपासू नकोस' एवढेच त्याला सांगायचे. आमचे साहेब तेच म्हणताहेत. सकाळी पुन्हा पूर्ववत करू म्हणतात."

"मग कर तसे आणि झोप जा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एकदा केले होते, मामा. पहिल्या नोकरीत. तात्पुरता म्हणून लिहिलेला तो शब्द पुढे दोन वर्षे तसाच राहिला. लोकांच्या पैशांचा हिशेब त्या वाटेने जात होता. कोणाला कळलेही नाही, कारण काही बिघडलेच नाही."

'काही बिघडलेच नाही' हे त्याचे शब्द आमच्या मनात घोळत राहिले. त्या रात्री आम्ही त्याला बरेच प्रश्न विचारले, पुढेही या विषयावर मिळेल ते वाचले. त्याचे सार येथे देत आहोत.

प्रमाणपत्रात असते काय?

आपण बँकेचे पान उघडतो किंवा भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवितो, तेव्हा आपले यंत्र दूरच्या एका यंत्राशी, म्हणजे सर्व्हरशी, बोलू लागते. मधली वाट परक्यांच्या हातांतून जाते. रेल्वे स्थानकावरचे वाय-फाय कोणाचे, हे आपणांस कुठे ठाऊक असते? मध्येच बसून एखादा तोतया 'मीच ती बँक' असे म्हणू शकतो. म्हणून नेटस्केप या कंपनीने १९९५ च्या सुमारास एसएसएल नावाची पद्धत आणली. १९९९ मध्ये तिलाच टीएलएस या नावाने प्रमाणित रूप मिळाले. या पद्धतीत सर्व्हर आरंभीच आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यात त्याचे नाव, मुदत, एक जाहीर किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. त्या जाहीर किल्लीची जोडीदार गुप्त किल्ली त्याच्यापाशी आहे, हेही त्याला सिद्ध करावे लागते.

यावर आपल्या यंत्राने मुख्यतः तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. सही आपल्या विश्वासातील संस्थेची आहे काय? मुदत संपलेली तर नाही ना? आणि आपण ज्या नावाच्या घरी जावयास निघालो होतो, तेच नाव या प्रमाणपत्रावर आहे काय?

समजा, आपली बँक 'अमुकबँक डॉट इन' या नावावर आहे आणि एका भामट्याने स्वतःसाठी 'तमुक डॉट इन' हे नाव घेतले आहे. या दुसऱ्या नावाचे प्रमाणपत्र मिळविण्यात कोणताही गुन्हा नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेकडून २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळतात. भामटा आपल्या वाटेत बसतो आणि बँकेच्या जागी स्वतःचे हे अस्सल प्रमाणपत्र पुढे करतो. सही खरी, मुदत शिल्लक, गुप्त किल्लीही त्याच्यापाशी. खोटे काहीच नाही. नाव तेवढे दुसरे. तिसरा प्रश्न विचारलाच नाही, तर आपला परवलीचा शब्द सरळ त्याच्या हाती जातो. वर, हे सारे बोलणे उत्तम प्रकारे गुप्त राखलेले असते. चोराशी केलेले असले तरी!

शून्य, एक आणि दोन

नाव जुळविण्याचा नियम नवा नाही. मे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २८१८ या दस्तऐवजात तो स्पष्ट लिहिलेला आहे. असे असूनही ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास व स्टॅनफर्ड या विद्यापीठांतील सहा संशोधकांनी एक निबंध सादर केला, तेव्हा संगणक-जगतात खळबळ उडाली. डॅन बोने आणि विताली श्मातिकोव्ह हे त्यांपैकी दोघे. निबंधाच्या शीर्षकाचा अर्थच मुळी 'जगातील सर्वांत धोकादायक प्रोग्राम' असा होता. पाने पाहण्याचे ब्राउझर ही तपासणी करीत होते. परंतु दुकानांचे पैसे स्वीकारणारे प्रोग्राम, मोठमोठ्या कंपन्यांनी इतरांच्या उपयोगासाठी दिलेले तयार भाग, एका मोठ्या बँकेचे भ्रमणध्वनीवरील अॅप, अशा अनेक ठिकाणी ती एक तर होत नव्हती किंवा चुकीची होत होती.

त्यातील एक उदाहरण मोठे उद्‌बोधक आहे. 'लिब-कर्ल' नावाचा एक लोकप्रिय तयार भाग आहे. नाव तपासण्याविषयी त्याला अंकाने आज्ञा द्यावी लागे. शून्य म्हणजे तपासू नकोस. दोन म्हणजे नाव जुळते का ते पाहा. आणि एक म्हणजे प्रमाणपत्रावर कोणते तरी नाव आहे एवढेच पाहा, मग ते कोणाचे का असेना! आता पीएचपी या भाषेत लिहिणारा सज्जन मनुष्य विचार करी, 'तपासावे काय? होय.' म्हणून तो 'होय' या अर्थाचा शब्द लिही. यंत्राच्या हिशेबी 'होय' म्हणजे एक. अशा रीतीने ज्यांनी तपासणी मुद्दाम चालू केली, त्यांनीच ती नकळत बंद केली. नोव्हेंबर २०१२ मध्ये लिब-कर्लच्या कर्त्यांनी 'एक' हा पर्याय स्वीकारणेच थांबविले.

असे का घडावे? याचे कारण कामाच्या वाटणीत आहे. सही व मुदत तपासणारा भाग तळाशी असतो. आपण कोणाच्या घरी निघालो होतो, हे त्याला ठाऊक नसते; ते वरच्या प्रोग्रामाला ठाऊक असते. वरच्याला वाटते खालचा पाहील, खालच्याला वाटते वरचा पाहील. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भागात नाव जुळविण्याची तयार सोय जानेवारी २०१५ मध्ये आली. पायथन भाषेच्या २.७ मालिकेत ही तपासणी आपोआप होऊ लागली ती डिसेंबर २०१४ पासून. तोवर ज्याला सुचेल तो आपल्या हाताने लिही.

शिवाय ही उणीव डोळ्यांना दिसत नाही. प्रोग्राम तपासताना 'खरी बँक उघडते का?' एवढेच बहुधा पाहिले जाते. 'खोटी नाकारली जाते का?' हे क्वचितच कोणी करून पाहतो. चोर येईपर्यंत कडी न लावलेले दारही बंदच दिसते.

नाव जुळविणेही सोपे नव्हे

नाव वाचावयाचे ठरविले तरी ते पुरते वाचावे लागते. २००९ च्या उन्हाळ्यात लास व्हेगास येथील परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक व डॅन कमिन्स्की यांनी एक विलक्षण युक्ती दाखविली. नावात आधी 'अमुकबँक डॉट इन', मग एक अदृश्य शून्य-चिन्ह, आणि त्यापुढे 'डॉट तमुक डॉट इन' असे लिहावयाचे. प्रमाणपत्र देणारी संस्था नावाचे शेपूट पाही. ते तमुकचे, म्हणून ती तमुकला प्रमाणपत्र देई. परंतु सी भाषेच्या रीतीने लिहिलेले प्रोग्राम शून्य-चिन्ह दिसताच वाचणे थांबवीत. त्यांना दिसे केवळ 'अमुकबँक डॉट इन'!

प्रमाणपत्रात नाव कोठे लिहावे, यावरही घोळ होता. जुन्या व नव्या अशा दोन जागा होत्या. क्रोम या ब्राउझरने २०१७ मध्ये जुनी जागा पाहणे सोडले, आणि नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९५२५ या नियमपत्राने तिला कायमचा निरोप दिला.

आणि खुद्द शिक्का देणाराच फसला तर? २०११ मध्ये हॉलंडमधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले आणि इराणमधील असंख्य लोकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यासाठी ते वापरले गेले. त्याच वर्षी त्या संस्थेचे दिवाळे निघाले. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, अधिकाराखाली गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि तो अधिकार तातडीने काढून घेण्यात आला. तिसरा प्रश्न पहिल्या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही, तसा पहिलाही तिसऱ्याची घेऊ शकत नाही.

आपल्या वाट्याचे काम

एक गोष्ट मात्र यंत्र कधीच करू शकत नाही. आपण 'अमुकबँक'ऐवजी 'अमुखबँक' लिहिले आणि त्या नावाचे प्रमाणपत्र तेथे असले, तर यंत्र म्हणेल, 'नाव जुळले!' त्याचे काम संपले. म्हणूनच पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चित्र म्हणजे प्रामाणिकपणाची ग्वाही नव्हे. लोकांचा असा गैरसमज होतो हे पाहून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच बदलले. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव शेपूट ठरविले आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. ही नावे देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपविलेले आहे. बँकेचे नाव वाचताना शेवटही वाचावा, एवढे वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि 'नाव जुळत नाही' असा इशारा पडद्यावर आला, तर 'तरीही पुढे जा' हे बटण दाबू नये. यंत्र त्या क्षणी आपल्या वतीने दारात उभे राहून विचारपूस करीत असते.

असो. त्या रात्री भाच्याने तो शब्द बदलला नाही. झाले होते ते इतकेच, की सर्व्हरला नवे नाव मिळाले होते आणि प्रमाणपत्रावर मात्र जुनेच राहिले होते. त्याने साहेबांना तसे कळविले, त्यांची थोडी बोलणी खाल्ली, एका सहकाऱ्यास झोपेतून उठविले आणि नव्या नावाचे प्रमाणपत्र मागवून घेतले. अडीच वाजता काम सुरू झाले. मामीने तोवर चहा टाकला होता.

"पाच मिनिटांचे काम अडीच तासांचे केलेस की रे," आम्ही म्हणालो.

"पण मामा," कप हातात घेत तो म्हणाला, "सकाळी पूर्ववत करायचे असे आता काही उरले नाही."