कान चाळिशीची वाट पाहत नाहीत

नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मिळणार, याचा बराच गाजावाजा झाला. चांगलेच आहे. पण लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा नांदेडकडच्या जिनिंगमध्ये विशीत कामाला लागलेल्या पोराच्या कानांचे काय?

मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो 4000 हर्ट्झच्या आसपासच्या, उंच पट्टीच्या आवाजांना. म्हणून माणूस बहिरा वाटत नाही. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, हाकेला ओही देतो. गळतात ती स, श, फ अशी व्यंजने. ‘साठ कट्टे’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते. घरचे आधी म्हणतात, ‘लक्ष नसतं याचं’. पुढे म्हणतात, ‘वय झालं’. मिलचे नाव कोणी घेत नाही.

आपल्याकडे आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. 95 ला चार तास, 100 ला दोन. म्हणजे दर पाच डेसिबलला वेळ निम्मा. प्रत्यक्षात आवाजाची ऊर्जा तीन डेसिबललाच दुप्पट होते. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही संस्था त्यामुळेच 85 डेसिबल आणि तीनचा हिशेब धरायला सांगते. आपला नियम सैलच म्हणायचा. त्यात हंगामात बारा तासांची पाळी लागली, तर आठ तासांचा आकडा कागदावरच राहतो.

खरी मेख वेगळीच आहे. विजेवर चालणारा ‘कारखाना’ ठरायला 1948 च्या कायद्यात 10 कामगार पुरत. नव्या संहितेत 20 लागतात. डझनभर माणसांवर चालणारी मिल कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींतून निसटते. आवाज मात्र माणसे मोजून कमी होत नाही.

कान झाकणे हा शेवटचा उपाय. आधी सैल पट्टे, खडखडणारे बेअरिंग बघा; माल जिथे पत्र्यावर आदळतो तिथे रबर लावा; ब्लोअर भिंतीपलीकडे न्या. मग फोमचे बूच. तेही बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, बूच आत सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग नाही. जिनिंगमध्ये हाताशी असलेल्या रुईचा बोळा तर जवळजवळ कुचकामी.

आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्याने कळवावा लागणारा आजार आहे. पण कामाला लागतानाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, नसेल, तर पुढे भरपाई मागणाऱ्याला ‘आधीपासूनच कमी ऐकू येत असेल’ म्हणून वाटेला लावणे सोपे. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मोतीबिंदूची शिबिरे भरतात, तशी हंगामाआधी कानांचीही भरवावीत. पहिला ऑडिओग्राम विसाव्या वर्षी निघायला हवा आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात हवी.