बांधकामावरच्या मुलांना शाळेत कोण नेतं? पुण्यातली पाळणाघरं, पटनोंदणी आणि पन्नासचा आकडा

२२ डिसेंबर २०२४ ची मध्यरात्र उलटल्यावर वाघोलीत केसनंद फाट्याजवळ एक डंपर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेला. तिघं गेले. त्यांतली दोन अगदी लहान मुलं होती. ही कुटुंबं अमरावतीकडून कामासाठी पुण्यात आली होती. त्याआधी २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली होती. त्यात १५ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये चार मुलं होती.

अशा वेळी बातम्या होतात, चौकशी लागते, मदत जाहीर होते. पण पुण्यात जिथे जिथे इमारत उभी राहते तिथे मजुरांबरोबर त्यांची मुलं असतात, हे एरवी कुणाच्या हिशेबात नसतं. बाणेर-बालेवाडीपासून उंड्री, नऱ्हे, वाघोलीपर्यंत कुठल्याही मोठ्या साइटच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग दिसते. मराठवाडा, विदर्भ, उत्तर कर्नाटक, छत्तीसगड, बिहार अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं तिथे राहतात. नवरा-बायको दोघंही कामावर जातात. मग मुलं कुठे जातात?

पन्नास बायका असतील तर

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या कलम ३५ नुसार, ज्या ठिकाणी पन्नासहून जास्त स्त्री मजूर कामाला असतात तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं बंधनकारक होतं. खोली स्वच्छ, उजेडाची, हवेशीर हवी आणि मुलं सांभाळण्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई तिथे हवी, असंही कायद्यात लिहिलेलं होतं.

वाचायला छान आहे. अडचण पन्नासच्या आकड्यात आहे. एका साइटवर सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, वीटकामाचा वेगळा, फरशीचा वेगळा. प्रत्येकाच्या हजेरीपटावर दहा-पंधरा बायका. काही ठिकाणी नवरा-बायकोच्या जोडीची मजुरी नवऱ्याच्याच नावावर लागते, म्हणजे बाई कागदावर येतच नाही. शंभर मजुरांच्या साइटवरही पन्नास बायका ‘भरत’ नाहीत. शिवाय मुलाचा हक्क आईच्या नोकरीला बांधलेला. बाप एकटा कामावर असेल, तर मूल मोजायचं कारणच नाही, असा त्याचा अर्थ.

यात आता बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांतल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाला. नव्या तरतुदीत ‘स्त्री मजूर’ हा शब्द नाही. पन्नासहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, असा तिचा रोख आहे. त्यामुळे जास्त साइट नियमात येऊ शकतात. मात्र ‘सरकार तसे नियम करू शकेल’ अशी तिची भाषा आहे. म्हणजे खरं वजन नियमांच्या मसुद्यात आणि तपासणीत राहणार. ठेकेदारांमध्ये विभागलेले मजूर एकत्र मोजायचे की वेगवेगळे, हा जुना प्रश्न इथेही सुटलेला नाही.

पाळणाघर प्रत्यक्षात कसं चालतं?

साइटवर पाळणाघर ही कल्पना कायद्यापेक्षा जुनी आहे. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांची मुलं धुळीत, मातीत पडलेली पाहिली आणि तिथेच एक तंबू उभा केला. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था झाली. पुण्यातलं हे काम आज ‘तारा मोबाइल क्रेशेस’ या नावाने चालतं.

‘मोबाइल’ शब्दातच सगळं आलं. इमारत पूर्ण झाली की मजूर हलतात आणि पाळणाघरही हलतं. साधारणपणे बिल्डर जागा, वीज, पाणी आणि खर्चाचा काही वाटा देतो. शिक्षिका, आहार, आरोग्य तपासणी, लसीकरणाची आठवण ही बाजू संस्था सांभाळते. वेळ महत्त्वाची असते. अंगणवाडी काही तासांत सुटते, तर साइटवरचं काम सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतं. आईच्या पाळीइतका वेळ मूल सांभाळलं गेलं, तरच त्या सोयीचा तिला उपयोग. आणि पाळणाघर साइटच्या आवारातच असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला आई मधल्या सुटीत येऊन पाजू शकते.

या गोष्टीचा शाळेशी थेट संबंध आहे, आणि तो बऱ्याचदा सुटून जातो. दीड वर्षाचं बाळ सांभाळायला कुणी नसेल, तर घरातली आठ-नऊ वर्षांची ताई घरी थांबते. पटावर तिचं नाव असतं, पण वर्गात ती नसते. शाळेचे लोक म्हणतात पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही. त्या घरात प्रश्न महत्त्वाचा नसतोच. बाळाला कुणाच्या हाती द्यायचं हा असतो. म्हणून पाळणाघर हा धाकट्यापेक्षा थोरलीच्या शिक्षणाचा कार्यक्रम आहे, असं म्हटलं तरी चालेल.

शाळा नाही म्हणू शकत नाही

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. साइटवरच्या मुलांच्या बाबतीत त्यातली काही कलमं फार कामाची आहेत. जन्मदाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी प्रवेश द्यावा लागतो (कलम १५). आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तर त्या कारणाने मूल थांबवता येत नाही (कलम ५). कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत न बसवता वयाला योग्य वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). कलम ९ तर महापालिकेवर थेट जबाबदारी टाकतं: हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करायचं.

तरीही शाळेच्या दारात आधार कार्ड मागितलं जातं, ‘जूनमध्ये या’ म्हटलं जातं. यवतमाळहून आलेल्या बाईला कलम १४ माहीत असायचं कारण नाही. पुण्यातल्या संस्थांचं अर्धं काम म्हणजे तिच्याबरोबर शाळेच्या ऑफिसात जाऊन उभं राहणं.

मोजणीचं काम

‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था १९८८ साली मुंबईत रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी सुरू केली आणि पुढे पुण्यात तिचं काम मोठं वाढलं. बसमध्ये भरणारी फिरती शाळा हे त्यांचं ओळखीचं रूप. पण साइटवर वर्ग भरवत राहिलं तर मूल मुख्य शाळेपासून दूरच राहतं. म्हणून वर्गाबरोबर पटनोंदणीवर भर आला आणि २०११ च्या सुमारास पुण्यात ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ ही नागरिकांची मोहीम उभी राहिली. स्वयंसेवक आपापल्या भागातल्या साइटवर जातात, मुकादमाशी बोलतात, खोल्या फिरून मुलांची यादी करतात आणि जवळच्या महापालिका शाळेत नाव घालेपर्यंत मागे लागतात. साइट शाळेपासून लांब असेल, मध्ये हमरस्ता असेल, तर ने-आण करायला रिक्षा किंवा व्हॅन लागते. नाव घालणं एका दिवसात होतं. वर्षभराची व्हॅन हा खरा खर्च.

संस्थांनी मोजणी का करावी, हा रास्त प्रश्न आहे. सरकार मोजत नाही असं नाही. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. कुणी दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. अनेक संस्थांनी तेव्हाच आक्षेप घेतला की बरीच मुलं सुटली. ते साहजिकच होतं. हलतं मूल एका दिवसात सापडत नाही. त्यातही जुलैमध्ये अनेक मजूर कुटुंबं पेरणीसाठी गावी गेलेली असतात आणि दिवाळीनंतर शहरात परततात. मोजणी वर्षातून तीन-चार वेळा, त्याच त्याच साइटवर व्हावी लागते.

राज्याने स्थलांतरित मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ काढलं. मूल गाव सोडताना शाळेने ते द्यायचं आणि नव्या शाळेने त्यावर दाखल करून घ्यायचं. मात्र त्यासाठी कुटुंब निघतंय हे गावातल्या शाळेला आधी कळावं लागतं, आणि मुकादमाचा फोन आला की कुटुंब दुसऱ्या दिवशी गाडीत बसलेलं असतं.

पैसा आहे, वाट वाकडी आहे

बांधकामाच्या खर्चावर, जमिनीची किंमत सोडून, एक टक्का कामगार कल्याण उपकर घेतला जातो. तो राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळाच्या योजनेत नोंदणीकृत मजुराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीत वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीत ५,००० रुपये मिळतात. नोंदणीसाठी वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून मिळवायचा. शिष्यवृत्तीसाठी मुलाची हजेरी ७५ टक्के हवी. बापाचं काम जिथे नेईल तिथे जाणारं मूल एका शाळेत ७५ टक्के हजेरी कशी दाखवणार, याचा विचार योजना आखताना झालेला दिसत नाही. आणि ही मदत शाळेत गेलेल्या मुलालाच मिळते. त्याच्या धाकट्या भावंडासाठी त्याच पैशातून साइटवर पाळणाघरं चालवावीत, ही संस्थांची मागणी आहे.

आपल्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू असेल आणि शाळेच्या वेळेत तिथे मुलं दिसत असतील, तर जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवता येतं. प्रवेश कोणत्याही महिन्यात होतो. मूल कामाला लावलेलं किंवा संकटात असेल, तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. शाळेत नाव घातल्यावर महिन्याने पुन्हा एकदा साइटवर चक्कर मारावी लागते, कारण तोवर त्या खोल्यांमध्ये दुसरी कुटुंबं राहायला आलेली असू शकतात.