दुखतं किती आणि त्रास किती?

‘कसं दुखतंय?’ असं डॉक्टरांनी विचारलं की मराठी माणसाला शब्दांची वाण पडत नाही. दात ठणकतो, पोटात कळ येते, पाठीत चमक निघते, पायांना रग लागते, गळू ठुसठुसतं, काटा सलतो. हे सगळे शब्द दुखण्याची जात सांगतात. पण आपण आणखीही काही बोलतो : ‘आता सोसवत नाही’, ‘जीव नकोसा झालाय’. यात दुखण्याची जात नाही. दुखण्याने आपली काय गत केली, ते आहे.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे असे शब्द गोळा करून १९७५ मध्ये ७८ शब्दांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. संवेदना सांगणारे शब्द त्यांनी एकीकडे ठेवले, भावना सांगणारे दुसरीकडे. ही नुसती भाषेची वर्गवारी आहे की मेंदूतही असे दोन कप्पे आहेत? याचं उत्तर बावीस वर्षांनी मिळालं, आणि ते मिळवायला संमोहनाची मदत झाली.

१९९७ मध्ये माँट्रियलमध्ये पिएर रेनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना संमोहित करून त्यांचे हात ४७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे चांगलंच पोळेल अशा पाण्यात ठेवले. सूचना फक्त एवढीच, की याचा त्रास आता कमी वाटेल, किंवा जास्त वाटेल. पाणी किती गरम लागेल याबद्दल एक अक्षरही नाही. पाणी पोळतं तितकंच आहे, पण त्रास कमी-जास्त झाला, असं स्वयंसेवकांनी सांगितलं. त्याच वेळी पेट स्कॅनने मेंदूची चित्रं घेतली जात होती. स्पर्श आणि उष्णता टिपणाऱ्या भागाच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. भावनेशी जोडलेल्या, मेंदूच्या मध्यभागी पुढच्या बाजूला असलेल्या एका पट्ट्यात मात्र सूचनेप्रमाणे बदल झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात सूचनेचे शब्द बदलले आणि दुखण्याची तीव्रताच कमी होईल असं सांगितलं. तेव्हा संवेदना टिपणाऱ्या भागाचं कामही बदललं. म्हणजे शब्द कोणते वापरले, यावर मेंदूतला परिणाम ठरत होता.

संमोहन म्हटलं की आपल्याला रंगमंचावर झोपी जाणारी माणसं आणि ‘मोहिनीविद्या’ आठवते. विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतील. त्यांना वर्गात एवढंच सांगून पाहा : हिरवीगार करकरीत कैरी, तिची फोड, वर तिखट-मीठ, आणि आता एक घास. समोर कैरी नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तोंडाला पाणी सुटतं. हे संमोहन नव्हे, पण सूचना शरीरापर्यंत पोहोचते याचा पुरावा नक्कीच आहे. संमोहनात लक्ष एका ठिकाणी खूप एकवटतं, बाकीचं मागे पडतं आणि अशी सूचना जास्त खोलवर रुजते. माणूस झोपलेला नसतो, त्याची इच्छाही कोणी काढून घेत नाही. (मुलांवर संमोहनाचे प्रयोग मात्र शिक्षकांनी करू नयेत.)

याचा एक जुना अध्याय आपल्याच देशात घडला. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शल्यचिकित्सक बंगालमध्ये हुगळीला होता. १८४५ पासून त्याने ‘मेस्मेरिझम’ वापरून मोठमोठ्या गाठी कापून काढल्या. पण १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल यशस्वी झाली आणि एस्डेलची पद्धत मागे पडली. कारण सरळ होतं. ईथर काही मिनिटांत गुण देई, तोही जवळपास सगळ्यांना. संमोहनाला कधी तासन्‌तास लागत आणि ते प्रत्येकावर चालत नसे.

शस्त्रक्रिया तासाभराची असते. तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला जुनाट वेदना म्हणतात. पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते. चोर निघून गेला तरी घंटा वाजतच राहावी, तसं. फळ्यापुढे उभं राहून वर्षं काढलेल्या शिक्षकांना कंबरदुखी वेगळी समजावून सांगायला नको. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं यांना अपाय होऊ शकतो. म्हणून औषधाच्या जोडीला दुसरं काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संमोहनाची अडचण अशी, की ते रोज करावं लागतं आणि शिकवणारी प्रशिक्षित माणसं थोडी. यावर उपाय म्हणून आधी ध्वनिफिती आल्या, आता मोबाइल आला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या सहभागाने बनलेलं ‘रेव्हेरी’ हे ॲप त्यांपैकी एक. अशा मुद्रित आवाजाचा क्रम साधारण ठरलेला असतो : डोळे मिटणं, श्वासाकडे लक्ष, अंग सैल सोडणं, मग सूचना (दुखऱ्या जागी गारवा पसरतो आहे, ती जागा बधिर होत आहे), आणि शेवटी जागेवर परत येणं. सिएटलमध्ये भाजलेल्या रुग्णांसाठी याच्या पुढची पायरी गाठली गेली. तिथे डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आभासी वास्तवाच्या चष्म्यातून दिलेल्या संमोहनाचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला.

गुण किती येतो? २०१९ मध्ये ८५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सूचना चटकन लागू पडणाऱ्यांची वेदना ४२ टक्के, मध्यम असणाऱ्यांची २९ टक्के कमी झाली. ज्यांच्यावर सूचना फारशी चालत नाही, त्यांना लाभ अगदी थोडा. पण हे आकडे प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेल्या वेदनेचे आहेत, दहा वर्षांच्या कंबरदुखीचे नव्हेत. जाहिरातींत हा फरक सांगितला जात नाही. आणखी एक उदाहरण बोलकं आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंबरदुखीसाठी आभासी वास्तवाचं एक साधन मंजूर केलं (ते संमोहनाचं नव्हे, वर्तनोपचाराचं). ते वापरणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांना ३० टक्क्यांहून अधिक आराम वाटला. नुसतीच सपाट चित्रं पाहणाऱ्या तुलनेच्या गटातही तसाच आराम ४१ टक्क्यांना वाटला! तुलनेचा गट नसता, तर सगळं श्रेय यंत्राने घेतलं असतं. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपुढे ही आकडेवारी ठेवून चर्चा घ्यावी, इतकी ती चांगली आहे.

मुद्रित आवाजाची मोठी उणीव म्हणजे त्याला कान नसतात. ऐकणारा अस्वस्थ झाला, रडू लागला, तरी तो आपलं वाक्य पुरं करतो. माणूस समोर असेल तर तो थांबतो, शब्द बदलतो. शब्दांचं महत्त्व तर वर पाहिलंच. ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला नाही त्याला इंग्रजीतून बर्फाच्या दरीत नेण्यापेक्षा माठाच्या ओल्या अंगाला हात लावायला सांगणं अधिक परिणामकारक ठरेल, असं मला वाटतं.

दुखण्याचं कारण डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यायलाच हवं. पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणं, छातीत दुखणं अशा वेळी ॲप उघडत बसू नये. मनोविकाराचे उपचार चालू असतील तर आधी त्या डॉक्टरांना विचारावं. वाहन चालवताना हे कधीच ऐकू नये, आणि चालू असलेली औषधं आपल्या मनाने बंद करू नयेत.

करून पाहायचं असेल तर वहीत रोज दोन रकाने आखा : ‘किती दुखलं’ आणि ‘किती त्रास झाला’. दोन्हींत शून्य ते दहापैकी आकडा लिहा. सुरू करण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे तरी नोंद ठेवा. पहिला रकाना जागचा हलला नाही, पण दुसरा उतरू लागला, तर काही चुकतंय असं समजू नका. माँट्रियलच्या स्वयंसेवकांनीही तेच सांगितलं होतं. दोन्ही रकाने जसेच्या तसे राहिले, तर ती वही डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या उपायाबद्दल विचारा.