नाव का विसरते आणि कसे लक्षात ठेवावे?

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात काही वेळ गाठीभेटी होतात. कुणीतरी हसतमुखाने पुढे येते, हातात हात घेते आणि विचारते, ‘काय, ओळखलंत का?’ चेहरा ओळखीचा असतो. गाव आठवते, मुलीला कुठे दिली तेही आठवते. नाव मात्र काही केल्या ओठांवर येत नाही. ‘हो, ओळखलं तर!’ असे म्हणून आपण वेळ मारून नेतो. समोरच्याला ते बहुधा कळतेच.

आमच्यावरही असा प्रसंग ओढवला होता. एका अंत्यविधीनंतर दिवंगत व्यक्तीच्या धाकट्या भावाचे सांत्वन करताना आम्ही त्याला थोरल्याच्या, म्हणजे नुकतेच ज्याचे दफन झाले होते त्या भावाच्या नावाने हाक मारली. तो काही बोलला नाही. त्याने हळूच हात सोडवून घेतला आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. तेव्हापासून या विषयाकडे आम्ही अधिक गांभीर्याने पाहू लागलो.

नावाला अर्थाचा आधार नसतो

नाव विसरणे म्हणजे त्या व्यक्तीविषयी अनास्था असणे, असा आपला समज असतो. तो पूर्णपणे खरा नाही. १९८७ साली इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव व व्यवसाय लोकांना सांगण्यात आला. पुढे विचारले असता व्यवसाय अधिक आठवले, आडनावे कमी. विशेष म्हणजे, एकच शब्द कधी आडनाव म्हणून तर कधी व्यवसाय म्हणून दिला, तरीही निष्कर्ष तोच आला.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एखादा गृहस्थ सुतार आहे असे कळले की रंधा, करवत, लाकडाचा भुसा, त्याने घडविलेली दारे-खिडक्या असे चित्र मनात उभे राहते. त्यातला कोणताही धागा पकडून आपण ‘सुतार’ या शब्दापर्यंत पोहोचू शकतो. परंतु ‘सुतार’ हे केवळ आडनाव असेल, तर तो गृहस्थ शिक्षक असेल किंवा बँकेत कारकूनही असेल. त्या शब्दाला धरून ठेवणारा असा कोणताही धागा नसतो.

वसईच्या गावांत ही अडचण दुप्पट होते. १५३४ ते १७३९ या काळात येथे पोर्तुगीजांची सत्ता होती. लोपीस, परेरा, डिसोजा, घोन्साल्विस यांसारख्या पोर्तुगीज आडनावांचा मूळ अर्थ मराठी कानाला जाणवत नाही. त्यात एकाच गावात एकाच नावा-आडनावाची दोन-तीन माणसे असतात. वडिलांचे नाव, आळी, घर किंवा धंदा जोडून माणूस ओळखण्याची आपल्या वाडवडिलांची रीत म्हणूनच शहाणपणाची होती. उघड्या पडलेल्या नावाला ती अर्थाचे धागे जोडून देत होती.

आपण नाव ऐकतच नाही

दुसरे कारण अधिक साधे आहे. ओळख करून दिली जाते तेव्हा आपले लक्ष आपण काय बोलणार याकडे असते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना क्रमाने एकेक शब्द मोठ्याने वाचावयास सांगितले होते. स्वतःची पाळी येण्याच्या अगदी आधी उच्चारलेले शब्द त्यांना सर्वांत कमी आठवले. सभेत सर्वजण आपापली ओळख करून देतात तेव्हा शेजाऱ्याचे नाव आपल्या कानावरून जाते, पण मनात उतरत नाही. जे मनात शिरलेच नाही, ते विसरले तरी कसे म्हणावे?

काय करावे?

पहिली गोष्ट, नाव नीट ऐकावे. ऐकू आले नसेल तर लगेच पुन्हा विचारावे. पहिल्या मिनिटाला विचारण्यात संकोच नसतो; तो सहा महिन्यांनी विचारताना वाटतो.

दुसरी गोष्ट, संभाषणात ते नाव एकदा तरी उच्चारावे व निरोप घेताना पुन्हा घ्यावे.

तिसरी गोष्ट, त्याला काहीतरी जोडावे: गाव, व्यवसाय, त्याच नावाचा आपला आतेभाऊ, त्या नावाच्या संताचा सण.

चौथी गोष्ट सर्वांत उपयुक्त आहे. थोड्या वेळाने ते नाव स्वतःच आठवून पाहावे. आधी पाच मिनिटांनी, मग घरी जाताना, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. असे अंतर वाढवीत आठवल्यास नावे अधिक टिकतात, हे १९७८ साली अमेरिकेत लँडॉअर व ब्योर्क या संशोधकांनी दाखवून दिले. पाहून घोकण्यापेक्षा न पाहता आठवणे अधिक फलदायी असते. रात्री वहीत दोन ओळी लिहून ठेवल्यास पडताळाही मिळतो.

इतके करूनही नाव आठवले नाही तर सरळ सांगावे, ‘आपली भेट नीट लक्षात आहे, नाव तेवढे पुन्हा सांगा.’ खोट्या ओळखीपेक्षा हे बरे.

‘ओळखलंत का?’ हा प्रश्न

वय वाढते तसे विशेषनामे आठवण्यास वेळ लागतो. तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र घरच्या माणसांची नावे विसरू लागली, नित्याच्या कामांत गोंधळ होऊ लागला, तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. काही जणांना तर चेहरेच ओळखता येत नाहीत. तो मेंदूशी संबंधित दोष आहे, उर्मटपणा नव्हे.

म्हणून आमची एक विनंती आहे. वृद्धांना किंवा आजाऱ्यांना भेटताना ‘ओळखलंत का?’ असे विचारून त्यांची परीक्षा घेऊ नये. ‘मी अमक्याचा मुलगा अमुक’ असे आपणच आधी सांगावे. त्यामुळे त्यांची केविलवाणी धडपड वाचते आणि भेटीचा आनंद दोघांनाही मिळतो. धर्मग्रामात नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबालाही असेच सामोरे जावे. आपण नाव सांगितले की तेही सांगतात.

नावाची हाक किती खोल जाते याची प्रचिती १९५९ सालच्या एका प्रयोगात आली. एका कानातील मजकुराकडे लक्ष देणाऱ्यांना दुसऱ्या कानात काय चालले आहे हे जवळजवळ कळत नव्हते. तरीही तेथे स्वतःचे नाव उच्चारले गेले तेव्हा सुमारे एक-तृतीयांश लोकांनी ते ऐकले. संत योहानाच्या शुभवर्तमानातही पुनरुत्थित येशूला पाहून मग्दालिया मरियेला तो माळी वाटला. नावाने हाक आली तेव्हा तिने त्याला ओळखले.

काही दिवसांनी आम्ही त्या धाकट्या भावाच्या घरी गेलो. दारातूनच त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली आणि क्षमा मागितली. त्याने आत बसावयास सांगितले व चहा ठेवावयास लावला. त्याचे नाव आम्ही आता विसरणार नाही.