थ्री नॉट थ्रीच्या नळीतले आटे कुठे गेले?
(जुनी हत्यारं, जुन्या खुणा : लेखांक ४)

दिसायला थेट थ्री नॉट थ्री, म्हणजे लष्कराची .३०३ ली-एनफिल्ड रायफल. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट. पण नळीत डोकावलं तर आटे नाहीत, आतून सगळी गुळगुळीत. आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. कुणा मिस्त्रीनं छर्‍याच्या शिकारीसाठी केलेली ही करामत असावी, असं वाटतं. तसं नाही. हा बदल सरकारी कारखान्यातला आहे. इशापूरला थ्री नॉट थ्रीच्या नळ्या कोरून पोलिसांसाठी ‘४१० मस्केट’ बनवल्या गेल्या. बार एकेक भरायचा आणि पल्ला आखूड. हत्यार जमावाच्या हाती पडलं, तरी त्यात लष्कराची गोळी चालू नये, हा हेतू. तिचं काडतूसही थ्री नॉट थ्रीच्याच पितळी नळकांड्याचं, फक्त मान न आवळलेलं. म्हणून बाजारातलं ४१० चं काडतूस तिला मुळात जुळत नाही.

या अविश्वासाचं मूळ १८५७ मध्ये आहे. उठावानंतर हिंदी शिपायांच्या एनफिल्ड रायफलींचे आटे कोरून काढले, नेमाची सरकती पट्टी काढून ठोकळा बसवला. कोरल्यानं नळी इतकी पातळ झाली, की पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. नेमबाजी गमावलेली चालेल, पण बरोबरीचं हत्यार नको, हा हिशेब मला त्या काळाच्या कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा बोलका वाटतो.

शिकारीच्या रायफलीही यातून सुटल्या नाहीत. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीला चालणारा दारूगोळा बंडखोरांना मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० मापावर हिंदुस्थानात बंदी आली. वाघ-गव्याच्या शिकारीचं हेच लाडकं माप. लंडनच्या बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७० अशी मापं काढली. काही जुन्या रायफलींना नव्या नळ्या बसल्या. थ्री नॉट थ्री लष्कराची, म्हणून खासगी शिकार्‍यासाठी त्याच ली बोल्टवर ऑस्ट्रियन काडतुसाच्या घराण्यातली .३१५ आली. ती आजही परवान्यावर मिळते. आपल्या वरणगावच्या कारखान्यात लष्करासाठी काडतुसं होतात. लष्कराचं माप वेगळं आणि नागरिकाचं वेगळं, ही रेघ मात्र इंग्रजांच्या वेळची.

तेव्हा जुन्या रायफलीत काही विचित्र दिसलं, तर आधी नळीवरचे शिक्के वाचावेत. नळी बदललेली असेल तर नवं माप आणि चाचणीची खूण बहुधा तिथेच सापडते.

शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं थांबली, ते योग्यच झालं. पण घरात परवान्यावर वडिलोपार्जित रायफल असेल, तर तिच्यावरचे अंक आणि शिक्के घासू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार तो गुन्हाही आहे. आणि परवानाधारक बंदूक-कारागिराकडून माप तपासून घेतल्याशिवाय तिच्यात एकही काडतूस भरू नका.