शीर फुटण्याआधीची गोळी

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे रुग्णालय असो की जळगावचं सिव्हिल, सिरॉसिसचा रुग्ण अनेकदा तिथे पोचतो तो रक्ताची उलटी झाल्यावर. सलाईन, रक्ताच्या पिशव्या, रक्तस्राव आटोक्यात आणणारं ऑक्ट्रिओटाइड आणि मग दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड.

सिरॉसिसमध्ये यकृत कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त तिथे अडतं. दाब वाढतो, रक्त आडवाट धरतं आणि अन्ननलिकेच्या नाजूक शिरा फुगतात. हा दाब निरोगी माणसात पाच मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. दहाच्या वर धोका सुरू होतो आणि बारानंतर शिरा फुटू शकतात.

या शिरा फुटू नयेत म्हणून वापरात आलेलं औषध मुळात हृदयासाठी तयार झालं होतं. १९८१ मध्ये पॅरिसजवळच्या बोजाँ रुग्णालयात दिदिए लब्रेक आणि सहकाऱ्यांनी एकदा रक्तस्राव झालेले ७४ रुग्ण निवडले. काहींना प्रोप्रॅनोलॉल दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. नाडी पाव हिश्शाने मंदावेपर्यंत डोस वाढवत नेला. वर्षभर पुन्हा रक्तस्राव न झालेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात ९६ टक्के होतं, दुसऱ्यात ५०.

मग प्रश्न अलीकडे सरकला: पहिलाच रक्तस्राव टाळता येईल का? दिल्लीत डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटाने ८९ रुग्णांत गोळी आणि बँडिंग यांची तुलना केली. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. दीड वर्षात रक्तस्रावाची शक्यता गोळीच्या गटात ४३ टक्के निघाली, बँडिंगच्या गटात १५. तरी दोन्ही गटांतलं जगण्याचं प्रमाण सारखंच राहिलं. दुर्बीण आणि ती चालवणारा प्रशिक्षित हात जवळ नसलेल्या गावासाठी ही शेवटची बाब फार महत्त्वाची आहे.

स्पेनमधल्या आठ रुग्णालयांनी आजाराला आणखी आधी गाठलं. मानेतल्या शिरेतून नळी यकृतापर्यंत नेऊन दाब मोजला आणि अजून पोटात पाणी न झालेले, रक्तस्रावही न झालेले २०१ रुग्ण घेतले. प्रोप्रॅनोलॉल किंवा त्याच जातीचं कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचा आजार बळावला किंवा मृत्यू झाला. बिनऔषधाच्या गोळीवर हे प्रमाण २७ टक्के होतं. २०१९ च्या या निकालात मुख्य फायदा पोटातलं पाणी टळण्याचा होता, रक्तस्रावाचा नव्हे. औषध वापरात यावं एका गोष्टीसाठी आणि उपयोग दिसावा दुसऱ्याच गोष्टीसाठी, याचं मोल कमी नाही.

ती नळीची तपासणी साक्रीत किंवा चोपड्यात होणार नाही. पण गोळी सुरू झाल्यावर लागणारी देखरेख आरोग्य केंद्रातही जमते: नाडी ५५ ते ६०च्या आसपास हवी आणि वरचा रक्तदाब ९०च्या खाली जाता कामा नये. गेला, तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात. रुग्णाने मात्र ती आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. यकृताकडच्या शिरांमधला दाब पुन्हा चढतो. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत काही महिन्यांच्या गोळ्या आणि डोस लिहिलेला कागद, दोन्ही असायला हवं.